तुझ्या नावावर गेलेली शनिवारची इमेज

दिवाकर,

तुझ्या शोकसभेत मी बोललो. तू मला काम शिकवलंस, तुझ्यासारखा सोबती पुन्हा मिळायचा नाही, असं सगळं बोललो. त्यात खोटं काहीच नव्हतं. खाली बसलो तेव्हा बाजूच्याने माझा हात दाबला. जे सांगायला हवं होतं तेवढं सोडून मी बाकी सगळं सांगितलं होतं. समोर तुझा फोटो होता. लग्नातला कापून मोठा केलेला, म्हणून तुझ्या खांद्यावर कुणाचा तरी अर्धा हात राहून गेला होता. मी पूर्ण वेळ त्या हाताकडे पाहत बसलो. तुझ्या तोंडाकडे पाहायची हिंमत झाली नाही.

तुझी तेरवी झाली. पाहुणे आपापल्या गावी गेले. आता लिहितो आहे.

तू गेल्याच्या पाचव्या दिवशी कंपनी चालवणाऱ्या मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, "रजिस्ट्रीची डिस्क भरत आली. नव्या केंद्रांचे डबे या महिन्यात बसवायचे आहेत, आणि नवीन इमेज ठेवायला जागा नाही. बिननावाच्या जुन्या सगळ्या काढून टाका. हे दिवाकर पाहायचे, आता तुम्हीच पाहा." मी "हो" म्हणालो. कमांड एका ओळीची आहे, तुला माहीत आहे. मी ती लिहिली आणि एन्टर न दाबता उठलो. पाणी प्यालो. परत येऊन बसलो. पुन्हा उठलो. संध्याकाळी सगळे जाईपर्यंत ती ओळ तशीच पडद्यावर होती, आणि शेवटी मी ती अक्षर-अक्षर खोडून घरी गेलो.

ती कमांड चालली असती, तर माझ्यावर कुणी कधीच बोट ठेवू शकलं नसतं.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांना थोडं समजावून सांगावं लागेल. तू ते माझ्यापेक्षा बरं सांगायचास. ऑफिसात नवीन आलेल्या हिशेबाच्या बाईंनी तुला विचारलं होतं, "हे कंटेनर कंटेनर काय असते हो भाऊ?" तू म्हणालास, "लग्नाच्या घरचा आचारी पाह्यला का बाई? तो तुमच्या घरची कढई मागत नाई. आपली कढई, आपला झारा, आपला मसाला, सगळं संगं घेऊन येते. मंग वरोऱ्याचं लग्न असो का गोंडपिपरीचं, त्याच्या भाजीची चव तेच. तसं हे. प्रोग्रामले जे जे लागते ते सगळं त्याच्या संगं बांधून द्याचं." बाई म्हणाल्या, "आणि ती रजिस्ट्री?" तू म्हणालास, "ते बांधलेले गाठोडे ठेवाचं आपलं कोठार. दुसऱ्याच्या कोठारात ठेवलं तर पाह्यजे तवा कुलूप उघडत नाई." बाई हसल्या आणि मला म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही मला महिनाभर इंग्रजीत सांगून राह्यले होते."

त्या गाठोड्याला आपण इमेज म्हणतो. इमेजवर एक नाव असतं, त्याला टॅग म्हणतात. आमची कंपनी लहान. चंद्रपुरात, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर. आरोग्य केंद्रांत लसी ठेवायचे जे फ्रिज असतात, त्यांच्यावर नजर ठेवणारा एक डबा आम्ही करतो. डबा फ्रिजचं तापमान पाहतो. आत दोन ते आठ डिग्रीच्या बाहेर गेलं की डबा बोंबलतो आणि सिस्टरच्या फोनवरही घंटी वाजते. डब्यात आमचा कंटेनर चालतो. डबा कधी बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर आधी ऑफिसच्या रजिस्ट्रीला विचारतो, 'माझ्या नावाची इमेज कोणती?' जी मिळेल ती उतरवून घेतो आणि चालवतो. तो नावावर विश्वास ठेवतो. आत काय आहे हे त्याला कळत नाही.

आपलं सगळं भांडण यावरूनच होतं. तू म्हणायचास, प्रत्येक वेळी नवा आकडा द्या. एकदा एका नावावर माल ठेवला की त्या नावाखाली दुसरा माल ठेवायचा नाही. मी म्हणायचो, वीस केंद्रांत वीसदा नाव कोण बदलेल, एकच नाव राहू दे आणि त्याखाली नवीन ठेवत जाऊ. "मास्तर," तू म्हणायचास, "तू वरोऱ्यात टायपिंग शिकवे, तवा एका पोराच्या नावानं दुसऱ्याले परीक्षेले बसू देत होता का?" मी म्हणायचो, "परीक्षा वेगळी, धंदा वेगळा." तीन वर्षं हे चाललं. मी वयाने आणि हुद्द्याने मोठा, म्हणून दरवेळी माझंच झालं.

आणि दुसरी गोष्ट तुझ्या हाताची. आपल्याकडे पेरणीची पहिली मूठ कुणीही टाकत नाही. ज्याच्या हाताला गुण आहे असं घरचे मानतात, त्याच्याकडून टाकून घेतात. आपली पहिली इमेज तू रजिस्ट्रीत ठेवलीस आणि पहिल्याच दिवशी सगळे डबे बिनतक्रार सुरू झाले. पुढची मी ठेवली, तर चार डबे अडले. मॅडमनी हसत हसत नियमच करून टाकला, यापुढे प्रत्येक नवी इमेज दिवाकरच्या हातानं जाईल. मग तू दौऱ्यावर असलास की आम्ही तुझंच लॉगिन वापरू लागलो. पासवर्ड सगळ्यांना पाठ. कुणी विचारलं, पाठवू का, की दुसरा म्हणायचा, "दिवाकरच्या हातानं पाठव." तू एकदा बॅग उचलता उचलता म्हणाला होतास, "म्हणजे माया हात इथीच ठेवून मी एकटाच अहेरीले चाललो का बे?" आम्ही सगळे हसलो. मी तर सगळ्यांत जास्त हसलो. पंधरा वर्षं मुलांना 'आपला पासवर्ड कुणाला सांगू नये' हे वाक्य टाइप करायला लावणारा मी.

आता तो शनिवार.

वैशाख होता. एका केंद्रातून तक्रार होती की लसीकरणाच्या दिवशी फ्रिज सारखा उघडावा लागतो आणि डबा उगाच बोंबलतो. मी त्यावर काम करत होतो. बोंब कानाला नको म्हणून मी बोंब आणि फोनची घंटी दोन्ही बंद केलेली एक इमेज बांधली, माझ्या टेबलावरच्या डब्यात पाहण्यासाठी. टेबलावरचा डबाही रजिस्ट्रीतूनच घेतो. वेगळं नाव द्यायला हवं होतं. त्या डब्याची सेटिंग बदलायला दहा मिनिटं लागली असती. त्याच दुपारी वरोऱ्याला पुतणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडाच, होतं आणि घरून तिसरा फोन येऊन गेला होता. मी चालू नावाखालीच ती ठेवली. तुझ्या लॉगिनने, सवयीने. दहा मिनिटं पाहिलं, बरं वाटलं, सोमवारी पुन्हा खरी इमेज ठेवू म्हटलं आणि निघालो. चालू असलेले डबे काही विचारायला येणार नाहीत, ते बंद पडले तरच विचारतात, आणि एका रविवारात कोण बंद पडतं, असा माझा हिशेब.

त्या संध्याकाळी अहेरीच्या पुढे वादळ झालं. जंगलातल्या त्या केंद्राची वीज गेली. डबा बॅटरीवर जाताना क्षणभर बंद पडला, पुन्हा सुरू झाला, रजिस्ट्रीला विचारलं, आणि माझी मुकी इमेज घेऊन बसला. वीज दोन दिवस आली नाही. फ्रिज तापत गेला. डबा गप्प राहिला.

वीज गेल्याचं सिस्टरला दिसत होतं. जनरेटरही होता. पण डिझेल लांबून आणावं लागतं, म्हणून तूच त्यांना सांगून ठेवलं होतंस, "डबा बोंबलला का मंगच जनरेटर लावाचं. तोवर फ्रिज थंडी धरून ठेवते. डब्यावर भरोसा ठेवा." सिस्टरने भरोसा ठेवला. सोमवारी सकाळी लसीकरणासाठी फ्रिज उघडला, तर बाटल्यांवरच्या गोलांतले चौकोन काळे पडले होते. म्हणजे लस गेली. बाहेर तीन पाड्यांच्या बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या, काही पहाटेपासून चालत आलेल्या. त्यांना परत पाठवावं लागलं.

फोन मी घेतला, दिवाकर. सिस्टर म्हणाली, "सर, डबा वाजलाच नाई." मी म्हणालो, "पाहतो." फोन ठेवला आणि पहिलं काम काय केलं असेल, तर खरी इमेज त्या नावाखाली परत ठेवली. कुणाला सांगण्याआधी. पासवर्ड दोनदा चुकला. तुझाच पासवर्ड.

मंगळवारी मॅडमनी तुला गोंडपिपरीच्या दौऱ्यावरून बोलावून घेतलं. रजिस्ट्रीच्या नोंदीत शनिवारी दुपारी दिवाकर, सोमवारी सकाळी दिवाकर. कोणत्या मशीनवरून पाठवलं ते नोंदीत कळत नाही; पत्ता सगळ्यांचा एकच दिसतो, कारण बाहेरून आलं तरी ऑफिसच्याच वाटेने जावं लागतं. आपण तिघेच होतो त्या खोलीत.

"हे तुमच्या नावानं गेलं आहे, दिवाकर," मॅडम म्हणाल्या.

"नाव तर मायंच आहे मॅडम."

"लॉगिन सगळेच वापरतात, मला माहीत आहे. म्हणून विचारते. तुम्ही केलं का?"

तू ती नोंद पुन्हा एकदा वाचलीस. मग म्हणालास, "त्या सिस्टरले डब्यावर भरोसा ठेव म्हणून मीच सांगतलं होतं. मी पाहाले पाह्यजे होतं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला काही सांगायचं आहे का?"

मी घसा साफ केला. आणि विचारलं, "चहा सांगू का?"

हे वाक्य मला सात महिने झोपेत ऐकू आलं. मी भला माणूस आहे असं मी स्वतःबद्दल समजत होतो. कुणाचं वाईट केलेलं मला आठवत नाही. पण त्या दिवशी नोकरी डोळ्यांसमोर आली, मुलीचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष आलं, या वयात टायपिंगच्या वर्गात परत जाणं आलं. हे सगळं जेवढ्या वेळात डोळ्यांसमोरून गेलं, तेवढ्या वेळात खरं बोलून झालं असतं.

जिन्यावर तू माझ्या मागे होतास. म्हणालास, "मास्तर, साक्षगंध कसं झालं बे?"

"चांगलं झालं."

"जेवण?"

"जेवणही चांगलं होतं."

"चांगलं," तू म्हणालास, आणि गाडीला किक मारलीस.

मी तेव्हा समजलो की तुला माहीत नाही. समजलो म्हणण्यापेक्षा, तसं समजून घेतलं.

तुला इमेजच्या कामातून काढलं आणि अहेरीला पाठवलं, केंद्रांत फिरून डबे पाहायला. तू कुरकूर केली नाहीस. तुझं गाव त्याच बाजूचं, तुला गोंडी येते, लोक तुला ओळखतात. मॅडमच्या मनात शिक्षा होती आणि सोयही होती. मी स्वतःला सोयच सांगत राहिलो. उलट घरच्या लोकांत राहायला मिळालं त्याला, असं मी माझ्या बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "त्याची बायको-लेकरं तर चंद्रपुरात आहेत ना?"

दिवाळीनंतर मी कामासाठी अहेरीला आलो, तेव्हा आपण आठवडी बाजारात भेटलो. तू वाळलेले मासे घेत होतास आणि विकणाऱ्या बाईशी घासाघीस करत होतास. मला पाहून तिला म्हणालास, "हे आमचे मोठे साहेब. याइले पाहून भाव नको वाढवू." बाई म्हणाली, "साहेब असा घामेजते का?" खरंच मला घाम येत होता. त्या दिवशी सांगायचंच असं ठरवून मी आलो होतो. चंद्रपूरपासून बसमध्ये वाक्य जुळवत आलो होतो.

आपण झाडाखाली बसलो. तू बारीक झाला होतास. मी विचारलं, तर म्हणालास, "ताप येऊन गेला दोनदा. इकडं कोणाले येत नाई?" मग आपणहून तू तो जुना विषय काढलास. "आता तरी मानते का मास्तर? एका नावाखाली दोन माल ठेवाचे नाई."

तू दार उघडून धरलं होतंस. आज मला ते लख्ख दिसतं. पाऊल टाकायचं तेवढं बाकी होतं. आणि मी काय म्हणालो? "कामाच्या घाईत चालवून घ्यावं लागते रे." तू हसलास. रागावला असतास तर बरं झालं असतं. तू मासे पिशवीत भरलेस, त्यातले अर्धे कागदात बांधून मला दिलेस, म्हणालास, "वहिनीले दे. पण बसमध्ये खिडकीपाशी बस, नाईतर लोक उतरवून देतीन तुले."

तीन आठवड्यांनी तुला मेंदूचा मलेरिया झाला. दोन दिवसांत सगळं संपलं. मी पोचलो तेव्हा तू बोलण्यापलीकडे होतास.

अहेरीला पाठवलं नसतं तर? हा प्रश्न मी रोज विचारतो. तुझी बायको, आमच्या सुनंदावहिनी, म्हणतात, त्याला लहानपणापासून हा ताप यायचा. डॉक्टर म्हणाले, कुठेही झाला असता. मी दोघांचं ऐकतो आणि दहा मिनिटांनी पुन्हा तिथेच येतो.

आता डिस्कचं सांगतो. एका नावाखाली नवी इमेज ठेवली की जुनी मरत नाही. तिचं नाव तेवढं जातं. ती बिननावाची होऊन रजिस्ट्रीच्या डिस्कवर पडून राहते, सफाई होईपर्यंत. सफाई दर रविवारी आपोआप व्हायची, तूच लावून ठेवली होतीस. म्हणजे माझी शनिवारची इमेज वैशाखातच पुसली गेली असणार, असं मी धरून चाललो होतो. त्यावरच माझी शांती उभी होती, जी काही होती ती. मग मॅडम म्हणतात डिस्क भरली. मी विचार करू लागलो, दर रविवारी सफाई होत असेल, तर भरेल कशी?

सफाईची फाईल उघडली. ती ओळ बंद केलेली होती. वैशाखातल्या त्या मंगळवारी, जिन्यावर आपण बोललो त्याच दिवशी दुपारी. आणि वर तू एक टीप लिहिली होतीस, मराठीतच, जशी तू नेहमी लिहायचास: 'सफाई बंद केली. मास्तरसोबत बोलल्यावर सुरू करायची.'

मी खुर्चीत मागे टेकलो.

मग नोंदी काढल्या. त्याच मंगळवारी कुणीतरी ती बिननावाची इमेज उतरवून घेतली होती. दुसरं कोण? मीही उतरवली, आणि उघडली. प्रत्येक इमेज कोणत्या मशीनवर बांधली गेली ते आत आपोआप लिहिलं जाईल, अशी व्यवस्था तू कधीतरी करून ठेवली होतीस. आम्ही कुणी ती कधी पाहिली नाही. आत माझ्या टेबलाच्या मशीनचं नाव होतं.

म्हणजे जिन्यावर साक्षगंधाचं विचारून गेल्यावर दोन-तीन तासांत तुला कळलं होतं. सात महिने कळलेलं होतं. तू ती इमेज जपलीस. पण जपून मॅडमकडे नेली नाहीस, कुणालाही दाखवली नाहीस. मला वेळ देत होतास की माझी वाट पाहून पाहून मनात मला खोडत होतास, हे मला कळत नाही. कधी वाटतं, पहिलं. कधी बाजारातलं तुझं हसणं आठवतं आणि दुसरं वाटतं. तू फक्त 'बोलल्यावर' लिहिलंस. आपण बोललोच नाही. म्हणून सफाई सुरू झाली नाही, म्हणून डिस्क भरली.

त्यानंतर चार दिवस मॅडम रोज विचारत होत्या, "झालं का?" मी म्हणायचो, "पाहतो आहे." मला भीती कशाची वाटत होती सांगू? सापडण्याची नाही. भीती ही, की एखाद्या थकलेल्या दुपारी माझं बोट एन्टरवर पडेल आणि मला बरं वाटेल.

पाचव्या दिवशी मी त्या इमेजला तिचं स्वतःचं वेगळं नाव दिलं, माझ्या लॉगिनने, आणि मॅडमना बोलावून पडद्यावर दाखवली. आत लिहिलेलं मशीनचं नाव दाखवलं, तुझी टीप दाखवली. त्यांनी दोनदा वाचली. मग त्या खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "मी त्याला विचारलं होतं. तुमच्यासमोर विचारलं होतं." मी म्हणालो, "हो." त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही चहा विचारला." त्यांनाही ते लक्षात होतं. माझ्या नोकरीचं काय करायचं ते त्या ठरवतील. मी त्यांना त्याबद्दल काही विचारलेलं नाही. तुझं लॉगिन त्यांनी बंद केलं. आता ज्याने त्याने आपल्या नावाने पाठवायचं, आणि एका नावाखाली एकच. भांडण तू जिंकलास. कुणाशी बोलून तुला हे सांगू?

मग वहिनींकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. मी खाली बसून सगळं सांगितलं, जमेल तेवढं सोपं करून. त्यांचा हात सुपात तसाच फिरत होता. माझं झाल्यावर त्या म्हणाल्या, "त्याले सांगाचं होतं भाऊजी. मले सांगून का होते?"

मी सुपाबाहेर सांडलेले तांदूळ वेचून आत टाकले.

मग त्या म्हणाल्या, "तो त्या केंद्रात प्रत्येक सोमवारी जाये. लसीच्या दिवशी. त्या बायायपुढं उभा राहून सांगे का चूक माई होती, आता होनार नाई. मी म्हणे, रोज रोज काऊन सांगता? तो म्हणे, प्रत्येक वेळी नवीन बाया असते." सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "तुमी तिथी जा. माया घरी बसून रडू नोका."

मी परवा, सोमवारी, गेलो. सिस्टरला सगळं सांगितलं. ती मला व्हरांड्यात घेऊन गेली. वीस-पंचवीस बाया होत्या, मांडीवर लेकरं. मी सांगितलं, वैशाखात डबा गप्प राहिला तो माझ्यामुळे. दिवाकरची त्यात काही चूक नव्हती. त्याचं नाव लागलं, पण काम माझं होतं. सिस्टर ओळी-ओळीने गोंडीत सांगत गेली. माझ्या एवढ्या दिवसांच्या गोष्टीला गोंडीत फार थोडे शब्द लागले. त्यांच्या बोलण्यात तुझं नाव आलं तेवढं मला कळलं.

एक वयस्क बाई पुढे बसली होती, नातवाला घेऊन. तिने माझ्याकडे पाहत सिस्टरला काहीतरी विचारलं. सिस्टरने आधी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "काय म्हणतात त्या? सांगा, काही का असेना."

सिस्टर म्हणाली, "ते विचारून राह्यली, मंग तो माफी काऊन मागत होता?"

सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. मी तोंड उघडलं. तू त्यांना भरोसा ठेवा म्हणाला होतास म्हणून, असं सांगावं वाटलं. मला वाचवायला, असंही वाटलं. मी स्वतः येईन याची वाट पाहत माझी जागा धरून उभा होता तो, असंही. यातलं कोणतं खरं, हे मी तुला विचारलं नाही, आणि तिथे बसलेल्या कुणालाही मी आता खोटं सांगू शकत नव्हतो.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

सिस्टरने तेही गोंडीत सांगितलं.